बसच्या मागची गाडी

वडगावातल्या त्या घरात मला वरची खोली मिळाली ती मी शाळेत टीचर आहे म्हणून नाही, की माझा चेहरा सोज्वळ आहे म्हणूनही नाही. घरमालकांना निरोप्या हवा होता.

खोली बघायला गेले तेव्हा ते अंगणात एका पांढऱ्या गाडीच्या बॉनेटवर हात टेकून उभे होते. अंगात बनियन, खांद्यावर टॉवेल. मी पाण्याचं विचारलं, लाईटचं विचारलं. ते गाडीच्या काचेवरचा कसलासा डाग नखानं खरवडत होते. शेवटी म्हणाले, "पाणी लई हाय. लाईट जातीया, ती सगळ्या बेळगावची जातीया. एकच गोष्ट सांगतो. घरात आमी दोघं. दोघांचं बोलणं न्हाय. मधी माणूस लागतंय. जमंल काय?"

मला वाटलं, म्हातारा थट्टा करतोय. मी हसले. ते हसले नाहीत. तेवढ्यात आतून बाईचा आवाज आला, "पोरी, त्यांना सांग, आलेल्या माणसाला च्या तरी इचारावा."

त्यांनी मान वळवली नाही. "तिला सांग, ठेव म्हणावं."

त्या दोघांच्यात फक्त उंबरठा होता. एकमेकांचा शब्द न् शब्द ऐकू येत होता. तरी मी दोन्ही निरोप इकडून तिकडं पोचवले, चहा प्याले आणि खोली माझी झाली. बाकी गल्लीसारखी मीही त्यांना अण्णा आणि आक्का म्हणायला लागले.

घर विणकरांचं. पुढच्या पडवीत दोन हातमाग होते, एकावर अण्णा बसायचे, एकावर आक्का. मुलगी निपाणीला दिलेली. तिच्या बाळंतपणाला आक्का निपाणीला गेल्या आणि परत आल्या तेव्हा पडवीत माग नव्हते. अंगणात ही गाडी उभी होती, तीही कुणीतरी आधी वापरून विकलेली. आक्कांच्या मागावर लेकीसाठी घातलेली साडी अर्धी विणून झाली होती. माग नेणाऱ्यानं ताण्याचे उभे धागे कापले आणि साडीचा अर्धा तुकडा आणि ते धागे कट्ट्यावर ठेवून गेला. आक्का दारात आल्या, गाडी बघितली, तुकडा उचलला, पिशवी ठेवली आणि आत जाऊन भात टाकला. तेव्हापासून नवऱ्याशी बोलणं बंद.

हे मला दोघांनीही सांगितलं, पण वेगवेगळं. अण्णांनी गाडी पुसता पुसता सांगितलं. "मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसायचं. पावसाळ्यात त्या खड्ड्याला ओल यायची. तिचं गुडघं असं हुईत, नारळागत. त्यात निपाणीला जायचं म्हंजे बसमधी हुबं ऱ्हायचं. म्हटलं, बास झालं. गाडीतनं न्हेतो."

"हे त्यांना सांगितलंत?"

"गाडी बघून कळाय नको?"

आक्कांनी तांदूळ निवडता निवडता सांगितलं. "गुडघं कुणाचं दुखत हुतं ते मला कळत न्हाय व्हय? माग विकायचंच हुतं कवातरी. पर इचारायचं हुतं, पोरी. एकदा यीऊन इचारायचं. मी काय न्हाय म्हटलं असतं?"

दोघांची बाजू ऐकल्यावर त्यांची डोकी एकमेकांवर आपटावीत असं मला वाटलं. मी शिकवते त्या वर्गातसुद्धा याहून लवकर गट्टी होते. एकदा न राहवून मी अण्णांना म्हटलं, "आक्का म्हणतात, एकदा विचारायचं होतं."

अण्णा ताठ झाले. "असं तिनं तुला मला सांगाय सांगितलंय?"

"नाही."

"मग मी ऐकलं न्हाय."

त्या घरात निरोपाचे असे कडक नियम होते. भाजीचा, गॅसच्या टाकीचा, लग्नाच्या आमंत्रणाचा निरोप चालायचा. मनातल्या गोष्टीचा निरोप कुणी देत नव्हतं आणि मी आपण होऊन नेला तर घेत नव्हतं.

मी घरात नसले की त्यांचं चालायचं कसं? तर अण्णा गाडीशी बोलायचे. बॉनेटपाशी उभं राहून खणखणीत आवाजात, "आज आमटीत मीठ जरा ज्यादा झालतं गं बाई." आक्का स्वयंपाकघरातून चुलत सासूला सांगावं तशा मिक्सरला सांगायच्या, "ज्यांना ज्यादा हुतं त्यांनी उद्यापास्नं दही खावा." दुसऱ्या दिवशी मीठ बरोबर पडायचं.

गाडीचे लाड बघवत नसत. तिला पांघरायला अण्णांनी स्वतः सुईदोरा घेऊन अभ्रा शिवला होता, तोही विणताना फसलेल्या साड्यांचा. हिरवी, जांभळी, डाळिंबी, काठापदराची. गाडी अंगणात अशी नटून उभी असायची की नवीन पोस्टमन दोन क्षण थबकायचा. गल्लीतल्या बायका तिला 'आक्कांची सवत' म्हणायच्या आणि आक्काही बिनदिक्कत तेच म्हणायच्या. "सवतीची आंघोळ झाली काय बघ, मग ह्यांना जेवाय बोलीव." कुठलंही आमंत्रण आलं की अण्णांचं उत्तर ठरलेलं, "गाडीला इचारून सांगतो." जिला विचारायला हवं होतं तिला न विचारता हा माणूस सगळं गाडीला विचारत होता, आणि यातली गंमत त्यांच्या कधी लक्षात आली नाही.

गाडीत पुढची डावी सीट मात्र कुणाची नव्हती. तिला अण्णांनी नवं कव्हर घातलं होतं आणि त्यावरचं प्लास्टिक काढलंच नव्हतं. मी पहिल्यांदा सवयीनं तो दरवाजा उघडला तर ते ओरडले, "त्या बाजूला न्हाय! मागं बस." कशाला, ते मी विचारलं नाही. विचारायची गरजच नव्हती.

आक्का महिन्यातून एखाददुसऱ्या रविवारी लेकीकडं निपाणीला जायच्या. माझंही घर निपाणीलाच, म्हणून मीही निघायची. आक्का रिक्षानं स्टँडवर जायच्या आणि लाल बस धरायच्या. माग विकून आलेल्या गाडीत पाय ठेवणार नाही, हे त्यांनी पहिल्याच दिवशी मिक्सरला सांगून ठेवलं होतं. बस स्टँडातून बाहेर पडली की बाहेर रस्त्याकडेला अण्णांची गाडी चालू करून उभी असायची. मग ती बसच्या मागून निघायची. काकती, वंटमुरीचा घाट, हत्तरगी, संकेश्वर, थेट निपाणीपर्यंत. बस थांबली की अण्णा थांबायचे. बस सुटली की अण्णा सुटायचे. मागून ट्रकवाले हॉर्न वाजवून शिव्या देत पुढं जायचे. अण्णांना त्याचं काही नव्हतं.

मी एका खेपेला बसमध्ये बसायची, एका खेपेला गाडीत. कुणाला वाईट वाटायला नको. संकेश्वरच्या स्टँडवर बस थांबली की अण्णा गरम भजी घ्यायचे, पुडा माझ्या हातात द्यायचे. "देऊन यी. मी दिलं म्हणू नगो." मी बसच्या खिडकीतून पुडा द्यायची. आक्का एक भजी तोंडात टाकून म्हणायच्या, "त्यांना सांग, मागल्या खेपंला बरी हुती." आणि सगळा पुडा संपवायच्या.

बसमध्ये आक्कांची जागा ठरलेली असे, अगदी मागचं बाकडं. तिथं माणूस हातभर उडतं. गुडघ्यांचं नाव काढून त्या रस्त्याला, ड्रायव्हरला, सरकारला बोल लावायच्या, पण पुढं जागा रिकामी असली तरी उठायच्या नाहीत. पहिल्या एकदोन खेपांना मला त्याचं कारण कळलं नाही. मग त्यांची नजर कुठं आहे ते बघितलं. मागच्या काचेतून पांढरी गाडी दिसत होती.

तो रविवार माझ्या गाडीतल्या पाळीचा. घाट चढताना बस कण्हत होती आणि अण्णा तिच्या मागं खालच्या गिअरमध्ये. पंख्यातून एकदम उग्र गोडसर वास आला. बॉनेटच्या फटीतून वाफ निघाली. अण्णांनी गाडी कडेला घेतली, बंद केली आणि स्टिअरिंगवर हात ठेवून नुसतं पुढं बघत बसले. बस वळणाआड गेली.

"अण्णा, काय झालं?"

"बस गेली," ते म्हणाले.

गाडीचं काय ते बोललेच नाहीत. मी खाली उतरले. इंजिनाखालून हिरवं पाणी ओघळत होतं. थोड्या वेळानं घाटाच्या वळणावरून एक बाई पिशवी छातीशी धरून, साडी घोट्यावर धरून, गुडघे सांभाळत उतरताना दिसली. आक्का. मागच्या काचेत गाडी दिसेना म्हणताना त्यांनी बसमध्ये, थांबवा म्हणून, कानडीत "गाडी निल्लिसरी, निल्लिसरी" करून असा गोंधळ घातला होता की कंडक्टरनं त्यांना घाटातच उतरवलं.

त्या आल्या ते माझ्यापाशी. दम लागला होता. "त्यांना इचार, भाजलं बिजलं न्हाय न्हवं?"

अण्णांनी स्वतःचे दोन्ही हात उलटेपालटे करून बघितले, जणू त्यांनाही शंका आली. "तिला सांग, गरम असताना झाकण उघडाय मी खुळा न्हाय."

आक्का रस्त्याकडेच्या दगडावर बसल्या. मी म्हटलं, गाडीत तरी बसा, ऊन आहे. त्यांनी गाडीकडं बघितलं, प्लास्टिक घातलेल्या सीटकडंही बघितलं, आणि पदर डोक्यावर घेतला. पुढची बस आल्यावर त्या तिच्यात चढल्या. त्या दिवशी बसच्या मागं कुणी नव्हतं. अण्णा आणि मी गाडी टेंपोला बांधून वडगावला आणली.

गल्लीच्या तोंडाच्या गॅरेजातला मिस्त्री आला. भला माणूस. बॉनेटमध्ये कंबरेपर्यंत वाकून त्यानं हात घातला, काढला, सोललेली बोटं झटकली. "अण्णा, पाण्याची एक रबरी नळी फुटलीया. पर बेकार जागंला हाय. पुढनं सुरू हुत्या, इंजिनाच्या पोटाखालनं जात्या आणि पार मागं पत्र्यापाशी बसत्या. मागचा क्लिप दिसत बी न्हाय, हात बी जात न्हाय. वरचा सांगाडा सगळा उतरवाय लागंल. जुनं बोल्ट गंजल्यात, तुटलं तर इंजिनच खोलाय लागंल. एवढं करण्यापरास भंगारात घाला. खरं सांगतो."

त्यानं खरंच सांगितलं होतं. भंगारवाला बघूनही गेला. तो साड्यांचा अभ्रा उचलून बघत होता तेव्हा अण्णा आत निघून गेले.

संध्याकाळी मी शाळेतून आले तर ते पडवीच्या पायरीवर बसलेले. गाडीशी बोलत नव्हते, हे मला पहिल्यांदा जाणवलं. मला म्हणाले, "टीचर, माग बी गेलं. आता गाडी बी गेली, तर मी काय मिळिवलं? एकदा तरी तिला त्या सीटवर बसवून न्यायची हुती. एवढंच हुतं सगळं." त्यांचा आवाज नेहमीसारखा खणखणीत होता, म्हणून मला जास्त वाईट वाटलं.

मग त्यांनी स्वतःच करायचं ठरवलं. नवी नळी आणली. रेडिएटरातलं पाणी घमेल्यात काढलं. सकाळ संध्याकाळ बॉनेटमध्ये डोकं घालून बसायचे. पुढचं टोक सुटलं. पण मागच्या टोकाला त्यांचा हात पुरत नव्हता. रुंद पंजा, जाड मनगट, अर्ध्यावर अडकायचं. एकदा तर हात आत अडकून बसला आणि मी खोबरेल तेल ओतून तो बाहेर काढला. आक्का हे सगळं स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होत्या आणि मिक्सरलासुद्धा काही सांगत नव्हत्या.

एक दिवस शाळेला सुट्टी होती. आक्का भाकरी थापत होत्या, मी पाटावर बसले होते. अण्णा आले आणि उंबऱ्यात उभे राहिले. हात कोपरापर्यंत काळे. माझ्याकडं बघतील म्हणून मी वाट बघत होते. त्यांनी माझ्याकडं बघितलंच नाही.

"जरा येतीस काय?" ते म्हणाले. "मला एकट्याला जमंना. तुझा हात जाईल. आलीस तर बघू, न्हाय म्हटलीस तर ऱ्हाऊ दे."

तव्यावरची भाकरी फुगली आणि करपायला लागली. आक्कांनी ती उलटली, गॅस बंद केला, हात धुतले. मग माझ्याकडं तोंड करून म्हणाल्या, "येते म्हणून सांग."

मी सांगायच्या आत अण्णा वळून अंगणात गेले होते. त्यांचे खांदे हलत होते. ते रडत होते का हसत होते मला कळलं नाही, आणि मी बघायलाही गेले नाही.

आक्कांनी बांगड्या कोपरापर्यंत सरकवल्या, त्यावर फडकं बांधलं. स्टूल घेऊन मागच्या बाजूनं वाकल्या, डोळे मिटले आणि हात आत सोडला. विणकराचा हात असाच चालतो. तुटलेला धागा कुठं आहे हे बोटांना आधी कळतं. "हाय," त्या म्हणाल्या. "क्लिप हाय. बारकं पेचकस दे, पोरी." क्लिप सैल झाला. पण नवी नळी त्या भुयारातून न्यायची कशी? अण्णा पुढून ढकलायचे, ती मधेच कशाला तरी अडायची आणि दुमडायची.

आक्कांनी हात बाहेर काढला. "ताणा जोडतोय तसं कराय सांग की त्यांना," त्या मला म्हणाल्या.

मला त्यातलं काही ठाऊक नव्हतं. ते मागाहून कळलं. मागावरचा ताणा संपत आला की विणकर तो काढून टाकत नाहीत. जुन्या धाग्यांच्या शेपटाला नव्या ताण्याचे धागे पिळून जोडतात आणि जुन्यालाच ओढून घेतात. जुना ज्या वाटेनं जातो त्या वाटेनं नवा त्याच्या मागोमाग येतो. एकानं पलीकडून सोडायचं, एकानं अलीकडून ओढायचं. लग्न झाल्यापासून हे काम दोघांनी मिळून केलेलं.

आक्का आत गेल्या, ट्रंक उघडल्याचा आवाज आला. त्या बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात सुताची एक जुडी होती. लेकीच्या साडीचे कापलेले धागे. अण्णांनी ते ओळखले. माळ्यावरून आडव्या बाण्याचं सूत गुंडाळायची लाकडी कांडी शोधून आणली, तिच्यावर चिंधी लपेटली, एक टोक जुन्या नळीत घातलं, एक नव्या नळीत, आणि वरून आक्कांनी तो धागा आवळून बांधला. सांध्याला खोबरेल लावलं. अण्णा पुढून, आक्का मागून.

"टीचर, तिला सांग, वढ म्हणावं."

"आक्का, ओढा."

"त्यांना इचार, सोडलं काय."

"अण्णा, सोडलं का?"

एवढ्यात सांधा पत्र्यात अडकला. परत मागं घेतला. परत तेच. मी मधे उभी राहून दोन्हीकडं ओरडत होते आणि दर वेळेला माझ्यामुळंच उशीर होत होता.

"अवो, सोडा की!" आक्का एकदम कडाडल्या. "धरून काय बसलाय?"

"सोडलं. वढ."

"हळू. थांबा."

"थांबलो."

"आता सोडा. सोडा. जरा उजवीकडं."

"हां. वढ."

"आली. आली बगा!"

काळी जुनी नळी आक्कांच्या हातात आली आणि तिच्या पाठोपाठ नवीचं टोक. त्यांनी ते चाचपत जागेवर बसवलं, क्लिप आवळला. माझ्या हातात टॉर्च होती, ती कुणालाच नको होती. अण्णांनी पाणी भरलं, गाडी चालू केली. आम्ही तिघंही इंजिनाखाली वाकून बघत राहिलो. तापमानाचा काटा चढला आणि मधे येऊन थांबला. खाली फरशी कोरडी.

मला वाटलं, झालं, माझी निरोप्याची नोकरी गेली. पण आक्कांनी हात धुतले आणि म्हणाल्या, "पोरी, त्यांना सांग, साबण हितं ठेवलाय." कामातलं बोलणं कामापुरतं.

आता मी चिकोडीच्या शाळेत आहे. अण्णांचा फोन येतो तेव्हा ते अजूनही आधी गाडीची खुशाली सांगतात, मग स्वतःची. पण मला आठवतो तो नळी बसवल्यानंतरचा रविवार. आक्का पिशवी घेऊन रिक्षा थांबते तिकडं निघाल्या होत्या. अण्णा गाडीचा अभ्रा काढून उभे होते.

"गाडीतनं येतीस काय?" त्यांनी विचारलं. मधे मी नव्हते, गाडी नव्हती.

आक्का थांबल्या. मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "त्यांना सांग, आधी ते प्लास्टिक काढा. घाम येतोय त्याच्यावर."

अण्णांनी ते इतक्या घाईनं फाडलं की अर्धं सीटखालीच राहिलं. आक्का बसल्या. मी माझ्या मागच्या जागेवर. काकती गेली. घाट लागला. पुढं लाल बस होती, नेहमीसारखी कण्हत. अण्णांनी नेहमीसारखा गिअर खाली घेतला आणि तिच्या मागं लागले. वळण गेलं, सरळ रस्ता आला, समोरून काही येत नव्हतं. तरी आम्ही आपले बसच्या मागं. बस एका थांब्याला थांबली. अण्णाही थांबले.

आक्का नवऱ्याकडं वळल्या. माझ्याकडं नाही.

"अवो," त्या म्हणाल्या, "आता कुणाच्या मागं चाललायसा? मी हितं हाय न्हवं?"

अण्णांनी त्यांच्याकडं बघितलं, मग बसकडं बघितलं. डोळे पुसायला त्यांनी खांद्यावरचा टॉवेल घेतला आणि उगीच काच पुसली. मग हॉर्न वाजवला आणि गाडी उजवीकडं काढली. मी मागं वळून काचेतून बघितलं. बस आमच्या मागून येत होती.